पच्चा रंगाचे उंदीर

मला उंदरांच्या खोलीचा वास आठवतो आणि हवासा वाटतो, हे घरात कोणाला सांगायची सोय नाही. लोकांना जुने दिवस आठवले की मोगरा आठवतो, भाजलेले शेंगदाणे आठवतात. मला ओलं गोणपाट, भिजवलेले हरभरे आणि पांढऱ्या उंदरांचं मूत यांचा मिळून जो एक उग्र वास व्हायचा, तो आठवतो. सून म्हणते, "आई, काहीतरीच तुमचं." तिचं बरोबर आहे. पण त्या वासाच्या मधोमध एक बाई उकिडवी बसलेली असायची, आणि खरं सांगायचं तर मला वास नको आहे, ती हवी आहे. तिला भेटून एकच गोष्ट सांगायची होती. ती सांगायची राहिली, आणि आता माझं सत्तरी ओलांडलेलं वय बघता राहणारच.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. मी बी.एस्सी. होऊन सोलापुरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले होते. आमचं घर मोहोळला, राहायला तिथूनच आलेल्या एका मावशीकडे. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक फ्रिज, जंतू वाढवायची उबदार पेटी, आणि मागच्या आवारात पत्र्याचं छप्पर असलेली उंदरांची खोली. तिथले प्रमुख मूळचे पुण्याचे. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. माणूस विद्वान, हाडाचा सरळ, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवय नसलेला. ही सवय मीही त्यांच्याकडून पटकन उचलली. बाकीचं शिकायला मात्र वेळ लागला.

सरांचं काम ब्रुसेला नावाच्या जंतूवर होतं. हा जंतू अंगात शिरला की गाई-म्हशी, शेळ्या दिवस भरायच्या आत गाभडतात. त्यांचं कच्चं दूध प्यालेल्या, त्यांचं बाळंतपण केलेल्या माणसांना ताप धरतो. सकाळी उतरतो, संध्याकाळी चढतो, सांधे धरतात, घामाने अंथरूण भिजतं, आणि महिनोन् महिने हे चालू राहतं. आमच्या घरी चुलत्यांना तो झाला होता. शेळी गाभडली तेव्हा त्यांनीच हात घातला होता. त्यांना कोणी टायफॉईडचं औषध दिलं, कोणी संधिवाताचं, आणि आजीने दृष्ट काढली. ते बरे झाले ते कशाने, हे शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून सरांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, "ब्रुसेला माहीत आहे?" तेव्हा मी म्हटलं, "आमच्या घरी राहून गेलाय." सर हसले नाहीत, पण नोकरी मिळाली.

त्या वेळी वासरांना जी लस टोचत, ती म्हणजे जिवंतच पण दुबळा केलेला जंतू. तो माणसाला टोचायची सोय नव्हती, टोचणाऱ्यालाच सुई लागली तर ताप यायचा. सरांचं म्हणणं असं, की अख्खा जंतू कशाला हवा? जंतूच्या अंगाबाहेर प्रथिनांचं एक आवरण असतं, त्याचा अंगरखाच म्हणा. शरीराला नुसता अंगरखा दाखवून ठेवायचा. पुढे खरा चोर तो अंगरखा घालून आला, की शरीर ओळखेल आणि धरेल. यासाठी मेलेले जंतू मिठाच्या पाण्यात घोळवायचे, यंत्रात गरागरा फिरवायचे, खाली गाळ बसला की वरचं पाणी काढून घ्यायचं. अंगावरून सुटून आलेली प्रथिनं त्या पाण्यात. ती निम्म्या उंदरांना टोचायची, उरलेल्या निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दीड महिना थांबायचं. मग सगळ्यांनाच खरा जिवंत जंतू द्यायचा, आणि पंधरा दिवसांनी प्रत्येकाची प्लीहा काढून तिच्यात किती जंतू जिवंत आहेत ते मोजायचं. प्रथिनवाल्यांत कमी निघाले, तर सर खरे.

उंदीर सांभाळायला अक्का होती.

अक्का म्हणजे साळ्यांच्या वस्तीतली, घरात तेलुगू बोलणारी, तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेरची बाई. तिचा नवरा दुसऱ्याच्या मागावर चादरी विणायचा. ती स्वतः लहानपणापासून विड्या वळत आली होती. तंबाखूने छाती धरली म्हणून ते सोडून ती आमच्याकडे रोजंदारीवर लागली. विड्या वळणाऱ्या हातांना उंदीर धरणं किती सोपं जातं, हे मी तिच्याकडे बघून शिकले. विडीच्या पानाचं तोंड दुमडतात ना, तशी ती उंदराच्या मानेची सैल कातडी दोन बोटांत दुमडायची आणि उंदीर गप्प. मला पहिल्या महिन्यात अकरा वेळा चावले, तिला एकदाही नाही. ती म्हणायची, "बाई, तुमी भीतीनं धरता, म्हनून त्ये बी भीतीनं चावतंय की."

मी तिच्याहून कितीतरी लहान, पण मला ती 'बाई'च म्हणायची. तिला सगळेच अक्का म्हणत. दुपारी खोलीच्या दाराशी बसून आम्ही डबा खायचो. माझ्याकडे ज्वारीची भाकरी आणि पिठलं, तिच्याकडे भात आणि हिरव्या मिरचीची चटणी, जी खाल्ली की कानातून वाफ निघायची. "पच्चि मिरपकाय," ती मिरचीकडे बोट करून म्हणायची. मला भाषा शिकायची फार हौस. नीळ्ळू म्हणजे पाणी, एलुका म्हणजे उंदीर, चालु म्हणजे पुरे. पच्चि मिरपकाय म्हणजे हिरवी मिरची, यावरून मी मनात पक्कं केलं, की पच्चा म्हणजे हिरवा. कोणाला विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही. चार शब्द आले, की आपण ती भाषाच बोलायला लागलो असं वाटायचं ते वय.

अक्काचं एक ठरलेलं होतं. हा प्रयोग नीट पार पडला, की तिला कायम करण्यासाठी सर वर लिहिणार होते. सरांनी तसं तिला माझ्यासमोर सांगितलं होतं. तिचा नवरा भिवंडीला निघायची घाई करत होता. तिथे यंत्रमागावर काम आहे, भाऊबंद गेलेत, आपणही जाऊ, असं रोज चाललं होतं त्याचं. अक्काने त्याला थोपवून धरलं होतं, "माजं कायम होऊ दे, मग बग." तिला सोलापूर सोडायचं नव्हतं. तिची आई इथेच गेली, मुली इथेच शाळेत होत्या. आणि कायम झालेल्यांना वर्षाला एक पांढरा कोट मिळायचा, त्याचीही तिला आस होती. माझा कोट खुंटीवर असला की ती तो झटकून पुन्हा टांगायची. एकदा मी तिला म्हटलं, "घालून बघा की." तर म्हणाली, "न्हाई बाई. माजा आला की घालतो." जंतूला अंगरखा असतो आणि मला नाही, असंही एकदा हसून म्हणाली होती. सरांचं बोलणं ती कान देऊन ऐकायची.

आता रंगाचं सांगते.

दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात राहिले पाहिजेत, म्हणजे दाणा, पाणी, उष्मा सगळं सारखं, असा सरांचा हट्ट. कानाला भोक पाडून खूण करणं त्यांना पटत नसे. म्हणून रंग. प्रथिनं टोचलेल्यांना पिवळा, मिठाचं पाणी टोचलेल्यांना हिरवा. रंगाची सोलापुरात काय वाण? सूत रंगवणाऱ्यांच्या दुकानातून पुड्या आणायच्या आणि वाटीत कालवायच्या. उंदीर एकमेकांना चाटून तो रंग आठवड्यात फिका करत. त्यामुळे दर शनिवारी, जुना रंग पुरता जायच्या आत, नवा लावायचा. मी वही घेऊन शेजारी उभी राहायची, "हिरवा", "पिवळा" असं म्हणायची आणि अक्का बोटाने लावायची. पिवळ्यांना ती नवरदेव म्हणे. "ह्येंची हळद लागली बगा." आणि हिरवे म्हणजे वऱ्हाडी. "वऱ्हाडी नुसतं जेवाय आलंय." मीही हसायची. मी रंग बघायची, वहीत खूण करायची. ती बोट कुठे टेकवते आहे, ते मात्र मी कधी बघितलं नाही.

त्या एप्रिलमध्ये ऊन असं, की पत्र्याखाली उंदीर हातपाय पसरून पडायचे. अक्का पिंजऱ्यांवर जुन्या चादरी ओल्या करून टाकायची, तासातासाने पुन्हा पाणी मारायची. स्वतःचं जेवण विसरायची पण पाणी विसरायची नाही. त्या ओलीने हिरवा रंग मात्र उतरत होता. पिवळा चिवट होता, तो टिकला.

अशातच एका शनिवारी मला बघायला मोहोळला पाहुणे येणार होते. नातेपुत्याचं स्थळ. दुपारची गाडी गाठायची होती. सर पुण्याला गेलेले, मंगळवारी येणार. मी सकाळी येऊन पिंजरे बघितले, तर पिवळे ठळक होते आणि बाकीच्यांचा रंग ओलीने पार निघून गेला होता. काळजीचं काही नव्हतं. ज्यांना रंग नाही ते हिरवे, इतका सरळ हिशोब. रंग लावायला थांबले असते तर गाडी चुकली असती. मी नवी साडी नेसले होते, केसांत अक्कानेच आणलेला गजरा होता आणि मी भलतीच खुशीत होते. दारातूनच मी तिला सांगितलं. रंगाचं नाव मात्र रोजच्यासारखं मराठीत नाही. तेलुगूत सांगायची लहर आली.

"अक्का, रंग गेलाय त्या सगळ्यांना पच्चा लावा."

तिने मान वर करून बघितलं. "पच्चा? समद्यास्नी?"

"रंग गेलेल्या समद्यांना. पच्चा."

माझ्या तोंडून तिच्या घरातला शब्द ऐकून ती इतकी खूश झाली, की तिने दोन्ही हातांनी माझी अलाबला घेतली. हातांना चादरींची ओल आणि उंदरांचा वास होता, साडीला लागू नये म्हणून तिने हात लांबूनच फिरवले. "जावा बाई, गाडी चुकंल. तुमालाबी आता हळद लागू दे."

पाहुणे आले, पोहे खाल्ले. मुलाच्या आईने मला विचारलं, "काम कशाचं?" मी म्हटलं, "उंदरांचं." त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. पुढे आठ दिवसांनी पत्र आलं, योग नाही म्हणून. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटायचं होतं ते सगळं सोमवारीच वाटून संपलं होतं.

सोमवारी खोलीचं दार उघडलं आणि बघते तर सगळे पिंजरे पिवळे. हिरवा औषधालाही नाही. आधी पिवळे होते तेही पिवळे, आणि ज्यांचा रंग गेला होता तेही पिवळे. कोणाला प्रथिनं टोचली होती आणि कोणाला पाणी, हे सांगायला आता काही उरलं नव्हतं. महिन्याभराचं काम त्या चार डझन पिवळ्या उंदरांच्या रूपाने माझ्यासमोर दाणे खात बसलं होतं.

अक्का बादली घेऊन आली. "लावलं बाई, पच्चा," ती म्हणाली, आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

मी ओरडले. इतकी वर्षं झाली, काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज आठवतो. हिरवा सांगितला होता, हिरवा, तुम्हाला एवढंही कळत नाही का, असं काहीतरी. ती आधी गोंधळली. मग म्हणाली, "पच्चा बोल्ला तुमी."

"होय, पच्चाच म्हणाले. पच्चा म्हणजे हिरवा."

तिने पिवळ्या वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, पच्चा म्हंजे..."

"मला नका शिकवू," मी म्हटलं.

ज्या बाईने मला उंदीर धरायला शिकवलं, तिला मी हे म्हणाले. तिची भाषा मी तिला सांगत होते, आणि त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मला अगदी मनापासून खात्री होती.

मंगळवारी सर आले. मी सगळं सांगितलं. खोटं एक अक्षर नाही, जे मला खरं वाटत होतं तेच सांगितलं. मी तेलुगूत सांगितलं होतं, हेही सांगितलं, कारण त्याचा मला अभिमान होता. सरांना तेलुगूचा गंध नव्हता. त्यांनी विचारलं, "पच्चा म्हणजे काय?" मी म्हटलं, "हिरवा, सर." वर पुराव्यादाखल पिंजरा उघडून दाखवला. "रंग लावलाय तोही कसा बघा. कोणाच्या कपाळावर, कोणाच्या पाठीवर. जिथे बोट टेकेल तिथे."

सरांनी वाकून बघितलं आणि मान हलवली.

अक्का दाराशी उभी होती. ती पुढे आली. "सार, येक सांगतो. उंदीर..."

सरांनी हात वर केला. ते ओरडणारे नव्हते. "उद्यापासून यायची गरज नाही," ते म्हणाले, "हिशोब ऑफिसमधून घ्या."

मग तिने चादरी पिळल्या, पुन्हा ओल्या केल्या, एकेका पिंजऱ्यावर नीट पसरल्या, बादली पालथी घातली आणि गेली. जाताना माझ्या अंगावरच्या कोटाची कॉलर उलटी झाली होती, ती तिने सरळ केली. मी तिच्याकडे बघितलं नाही. रागात होते मी.

सरांनी ठरवलं, सगळं नव्याने. हे उंदीर शनिवारी मारून टाकायचे, नवे आणायचे, नवी प्रथिनं काढायची. रंग संपत आले होते, म्हणून गुरुवारी मी रंगाच्या दुकानात गेले. दुकानदारही तेलुगूच. खोड जात नाही म्हणतात तशी माझीही गेली नव्हती. मी ऐटीत म्हटलं, "पच्चा द्या." त्याने मागे वळून पुडी काढली आणि समोर ठेवली. पिवळी.

"हा नाही. हिरवा."

"मग आकुपच्चा म्हना की," तो म्हणाला. "आकु म्हंजे पान. पानाचा पच्चा, हिरवा. आमच्यात नुसतं पच्चा म्हटलं, तर ह्योच. कावीळ झाली तर काय म्हनतो आमी? पच्चकामेर्लू. कावीळ काय हिरवी असती?"

आणि तो हसला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. मी पैसे दिले, दोन्ही पुड्या घेतल्या आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. ऊन डोक्यावर होतं. मिरचीतलं पच्चि म्हणजे नुसतं कच्ची, हे तर पुढे कधीतरी कळलं. मला पहिली आठवण झाली ती तिच्या चेहऱ्याची, मी पच्चा म्हटल्यावर खुललेल्या. दुसरी, "बाई, पच्चा म्हंजे..." या अर्ध्या वाक्याची. तिने मला सांगायला सुरुवात केली होती. मी तिला सांगू दिलं नाही. आणि सरांसमोर ती बोलायला गेली, तेव्हाही मी तोंड मिटून उभी होते.

साळ्यांची वस्ती त्या दुकानापासून पंधरा मिनिटांवर होती. मी गेले नाही.

का गेले नाही, याची कारणं मी आयुष्यभर वेगवेगळी देत आले आहे. पुढच्या वर्षी सर माझं नाव पुण्याला पाठवणार होते, चूक माझी निघाली तर ते पाठवतील का, ही भीती होती. नव्या उंदरांची घाई होती. पण खरं कारण असं, की मला लाज वाटत होती. चुकीची नाही, मिरवण्याची. चुकलेली माणसं पोटात घातली जातात. मिरवायला जाऊन दुसऱ्याची नोकरी घालवलेली बाई कोणत्या तोंडाने जाणार? उद्या जाऊ म्हटलं. शनिवारी ते उंदीर मारले. मीच मारले. चार डझन. काहींच्या कपाळावर पिवळं होतं, काहींच्या पाठीवर.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते ऐकायला लोकांना आवडतं. दुसऱ्या खेपेस प्रयोग नीट झाला. वेगळे पिंजरे केले, रंगाची भानगडच ठेवली नाही. प्रथिनं टोचलेल्यांच्या प्लीहांमध्ये जंतू खरंच कमी निघाले. फार नाही, पण सरांनी पुन्हा पुन्हा मोजून बघावे इतके कमी. ज्या दिवशी आकडे जुळले, त्या दिवशी सरांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. नव्या माणसालाही दिलं. तो उंदीर चिमट्याने धरायचा. मी पुण्याला गेले, शिकले, पुढे वेगळ्याच जंतूंवर काम केलं. लोक म्हणतात मी विद्यार्थ्यांचं फार शांतपणे ऐकून घेते. त्यांना वाटतं स्वभाव आहे.

आता राहिलेलं. मी अक्काकडे गेले, पण जवळजवळ महिन्याने. हातात कागदाच्या पिशवीत पांढरा कोट होता, माझाच, धुऊन इस्त्री केलेला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आधी चूक कबूल करायची, मग सरांकडे घेऊन जायचं, सरांनाही माझ्या तोंडानेच सांगायचं. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू होती. तिच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात पानं घेऊन विड्या वळत होती. मी अक्काची चौकशी केली.

"भिवंडीला ग्येले की," ती म्हणाली. "आठ रोज झाले. समदं बिऱ्हाड घेऊन ग्येले."

"पत्ता?"

तिने मान हलवली. मग माझ्याकडे नीट बघितलं, पिशवीकडे बघितलं. "तुमी उंदराच्या बाई का?"

मी होय म्हटलं.

"तुमची लई वाट बघितली तिनं. रोज हितं बसायची माज्यापाशी. बाई येतील म्हनायची. बाईला कळंल पच्चा म्हंजे काय, मग येतील." म्हातारीचे हात थांबले नव्हते. एक विडी पुरी झाली, तिने तोंड दुमडलं आणि सुपात टाकली. "न्हाई आल्या तर तू सांग म्हनली. निरोप हाय तुमच्यासाटी. मला काय समजला न्हाई, पन तिनं माज्याकडनं पाठ करून घेतलाय."

मला वाटलं शिव्या असतील. मला शिव्या हव्या होत्या.

म्हातारीने डोळे मिटले, जसं पोथी म्हणताना मिटतात, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाईला सांग. रंग येकच लावला, पन जागा सोडली न्हाई. कपाळावर हाय त्ये नवरदेव. पाठीवर हाय त्ये वऱ्हाडी. येक बी चुकला न्हाई. उंदीर मारू नका म्हनावं."